हल्याची पकड

अकोल्याच्या त्या हॉलचं शटर आपोआप वर राहत नाही. वर ढकलायचं आणि खाली बांबूचा टेकू द्यायचा, तेव्हा ते थांबतं. मागच्या वर्षी शिवमने त्या बांबूला लाथ मारली. खाली उंबऱ्यावर माझ्या नातवाचा उजवा हात होता. शिवमच्या दोन मित्रांनी तो मनगटाला धरून तिथे दाबून ठेवला होता. ललित ओरडलाही नाही म्हणे, एकदम खाली बसला. तीन बोटं चेंदली. अमरावतीच्या दवाखान्यात त्यांत सळया घातल्या, पण मधलं बोट अजून वळत नाही, आणि त्याच्या शेजारचं वळलं ते सरळ होत नाही.

घरी त्याने शटर घसरलं असं सांगितलं. माझा मुलगा धम्मदीप आणि सून ज्योत्स्ना अजून तेच धरून आहेत. मला खरं सांगितलं ते त्याच्या धाकट्या बहिणीने, प्रियदर्शनीने. ती तिथेच उभी होती.

भांडण खेळाचं. टीव्हीच्या पडद्यावर दोन गडी समोरासमोर येतात आणि एकमेकांना मारतात. प्रत्येकाच्या डोक्यावर एक लाल पट्टी असते. मार बसला की पट्टी आखडते, संपली की गडी मेला. पोरं तिला हेल्थ म्हणतात, मी रक्त म्हणते. दोन डाव मारले की कुस्ती मारली. गडी पुष्कळ आहेत, आणि कापसाची लावतात तशी पोरं त्यांची प्रतवारी लावतात. टिअर लिस्ट. सगळ्यांत वरच्या प्रतीत झरीन नावाची बाई, दोन हातांत दोन विळे, वाऱ्यासारखी. सगळ्यांत खाली ओग्दन. काळा, पोट सुटलेला, चिखलातून पाय उपसत चालावं तसा चालणारा. त्याला धड उडी मारता येत नाही. पण त्याच्या हातात सापडलेला सुटत नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हाच म्हटलं, हा तर हल्या, निव्वळ रेडा. तेव्हापासून आमच्या घरात तो हल्या, आणि नंतर अमरावतीच्या सगळ्या पोरांत तो हल्याच झाला.

ललित हल्या घेऊन खेळायचा. मागच्या वर्षी अकोल्याच्या फायनलमध्ये त्याने शिवमच्या झरीनचा मणका मोडला, खुर्चीतून उठला आणि शिवमच्या तोंडासमोर मांडीवर शड्डू ठोकला. या पोरांत ती रीतच पडली आहे. जिंकणाऱ्याने हरलेल्याच्या तोंडावर शड्डू ठोकायचा. सुरुवात शिवमनेच केली होती. पण खालच्या प्रतीच्या गड्याकडून मार खाऊन वर शड्डू ऐकायचा, हे त्याला सोसलं नाही.

माझे वडील वस्ताद होते. आखाड्यात शड्डू कुस्तीच्या आधी ठोकायचा, समोरचा उभा असताना. चीत झालेल्यापुढे शड्डू ठोकणाऱ्याला वडील आखाड्याबाहेर काढत. हे मी पोरांना किती वेळा सांगितलं. त्यांना ती आजीची गोष्ट वाटते.

यंदा ललितने बहिणीला तयार केलं. वर्षभर तो तिच्या मागे बसून सांगायचा आणि ती दाबायची. "उठताना घाई करू नको. झरीन उडी मारून येतेच. येऊ दे तिले हातात." तिला एकच हवं होतं. त्याच हॉलमध्ये, त्याच शिवमला, त्याच हल्याने मारायचं. मी सोबत निघाले, कारण पोरीला एकटं पाठवायला ज्योत्स्ना तयार नव्हती, आणि ललितवर माझा भरवसा नव्हता.

बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा ललितची बॅग माझ्या पायावर पडली. कपड्यांच्या वजनाने पाय असा दुखत नाही.

"काय हाय रे यात?"

"पाइप हाय."

"कायचा?"

"नळाचा."

"अकोल्यात नळ दुरुस्त करून राहिला का तू?"

"आजी, तू बोलू नको."

प्रियदर्शनी पुढच्या सीटवर कानात वायर घालून बसली होती. मी बॅग मांडीवर घेतली. तिचा बंद मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरला.

"तुले देवमनआजोबाची गोष्ट माहीत हाय," मी म्हटलं.

"हजारदा सांगितली."

"शेवट नाई सांगितला."

देवमन माझा थोरला भाऊ. वलगावकडच्या एका कुस्त्यांच्या दंगलीत त्याने वामन नावाच्या नावाजलेल्या मल्लाला ढाकेच्या डावावर उचलून चीत केलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो, ओल्या मातीवर पाठ आपटल्याचा. मग दादा त्याच्या अंगावर उभा राहिला आणि त्याने शड्डू ठोकला. वडील कडेवरून ओरडले, पण ठोकून झाला होता. पुढच्या आठवड्यात वामनच्या भावांनी दादाला शेताच्या धुऱ्यावर गाठलं. दोघांनी पाय ताणून धरला, तिसऱ्याने बैलगाडीच्या उभारीचा दांडा गुडघ्यावर घातला. वाटी फुटली. गोष्ट मी नेहमी इथवरच सांगत असे.

"मंग बडनेऱ्याच्या बाजारात," मी म्हटलं, "वामन भाजी घेऊन राहिला होता. दादा लंगडत मागून गेला. हातात पहार. डांगर फुटते ना, तसा आवाज झाला. वामन तोंडावर पडला. हातात कोथिंबिरीची जुडी तशीच. मी मायचा पदर धरून तिथंच होती."

ललित खिडकीबाहेर पाहत होता.

"दादा जेलात गेला. माय मले मुलाखतीले न्यायची. तो गजाच्या पलीकडून एकच सांगे, गुडघा दुखते. वामनची बायको रस्त्यात दिसली की माय पदर ओढून गल्ली बदलायची."

"मी डोक्यात मारणार नाई," ललित हळूच म्हणाला. "बोटं. तीनच."

"त्याची तीन, मंग तुये किती? अन् मंग तिचे?"

मी पुढच्या सीटकडे बोट केलं. त्याने बॅगेसाठी हात पुढे केला. मी ती दिली नाही.

हॉल पोरांनी भरला होता. चार टीव्ही, लाल खुर्च्या, घामाचा आणि समोशांचा वास. शटरखाली तोच बांबू. ललित त्याच्याकडे न पाहता वाकून आत शिरला. स्पर्धा भरवणारा मनोज पुढे आला आणि त्याने मला पंख्याखाली खुर्ची दिली. "आजी, तुमी पण खेळता का?" मी म्हटलं, "नाई बाबा, मी पंच." पोरं हसली.

शिवमला मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं होतं कुणी दांडगट असेल. किडकिडीत पोरगा, मनगटात काळा दोरा, ओठ सारखे चावणारा. ललितला पाहून तो म्हणाला, "हात कसा हाय बे?" मित्र हसले. ललित माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. त्याचा श्वास माझ्या डोक्यावर लागत होता.

प्रियदर्शनीने दुपारपर्यंत बाकीची पोरं गारद केली. हल्याने एकाची मान पिळली, एकाला उलटा धरून डोक्यावर आपटला, एका भालेवाल्याचा भालाच त्याच्या बरगडीत घातला. मला हे पाहवत नाही असं लोकांना वाटतं. मला पाहवतं. मी आखाड्याच्या कडेला वाढले. पडद्यावरचं रक्त पुसलं जातं, तेवढाच फरक.

मग फायनल. शिवम आणि प्रियदर्शनी शेजारी शेजारी बसले. शिवमजवळ त्याची स्वतःची लाकडी पेटी होती, वर दांडा आणि गोल बटणं, चांगली जड. प्रियदर्शनीजवळ ललितचा जुना कंट्रोलर, कडा घासून पांढऱ्या पडलेल्या.

"हल्याच आणला का वं? तो तर यंदाही सगळ्यांत खाली हाय," शिवम म्हणाला.

"त्याले पायऱ्या चढता येत नाई," ती म्हणाली. "म्हणून तुले खाली ओढते."

पहिला डाव झरीनने घेतला. विळे हल्याच्या पोटावरून, मांड्यांवरून फिरत राहिले. तो एक पाऊल टाकी आणि दोन वार खाई. शेवटी गळ्यावर आडवा विळा बसला आणि तो गुडघ्यांवर आला. शिवमचे मित्र ओरडले. दुसऱ्या डावात प्रियदर्शनीने मार खात खात झरीनला कोपऱ्यात नेलं आणि पकडलं. हल्याने तिला गुडघ्यावर आडवी ठेवून दाबली. हाड मोडल्याचा आवाज या गेमवाल्यांनी कुठून आणला कोण जाणे, पण खरा आणला आहे. एक-एक झालं.

तिसऱ्या डावात हल्याचं रक्त सुतासारखं उरलं. झरीनचं अर्धं. एका वाराने हल्या उताणा पडला. झरीन मागे सरली, उंच उडाली, दोन्ही विळे खाली. हल्या एक हात टेकून उठत होता. माझ्या मागे ललितचा श्वास थांबला.

शिवमला डाव संपलेला दिसला. त्याने उजवा हात बटणांवरून उचलला आणि मांडीवर शड्डू ठोकला.

पण पट्टी संपली नव्हती. विळे खाली आले ते उठणाऱ्या हल्याच्या हातांत आले. या पकडीतून सुटायचं तर त्याच क्षणी बटण दाबावं लागतं. शिवमचा हात मांडीवर होता. हल्याने झरीनला डोक्यावर उचललं आणि दाणकन आपटलं. शिवमने घाबरून भलतंच बटण दाबलं, झरीन पळण्याऐवजी पुन्हा अंगावर आली, आणि पुन्हा सापडली. या वेळी मणका गेला. तिची पट्टी रिकामी झाली.

मग ललित ओरडला. "ठोक, प्रियू. शड्डू ठोक त्याच्या तोंडावर."

तिचा हात मांडीच्या वर गेला. सगळे त्या हाताकडे पाहत होते. तिने भावाकडे पाहिलं, त्याच्या बोटांकडे पाहिलं, आणि हात परत कंट्रोलरवर ठेवला.

"चांगला खेळला," ती शिवमला म्हणाली.

शड्डू त्याने सोसला असता, असं मला अजून वाटतं. सगळ्या पोरांसमोर एका पोरीने त्याला सोडून दिलं, ते त्याला सोसलं नाही. त्याने समोरची पेटी उचलून तिच्यावर फेकली. पेटीचा कोपरा भुवईवर बसला. कातडी उघडली आणि रक्त डोळ्यात, गालावर, ओढणीवर आलं. आमच्या अमरावतीच्या एका पोराने शिवमच्या मित्राच्या नाकावर बुक्की मारली. खुर्च्या उडाल्या. कोणीतरी शटरखालचा बांबू उपसला मारायला, आणि शटर धाडकन खाली आलं. हॉल अंधारला. पडद्यांच्या उजेडात तेवढी तोंडं दिसत होती.

ललितने माझ्या मांडीवरच्या बॅगेला हात घातला.

"सोड, आजी."

"नाई."

"तिचं रक्त पाह्य. सोड."

"पाहून राहिली. नाई सोडत."

त्याने डाव्या हाताने हिसडा दिला. बंदाचे वेढे माझ्या मनगटावर होते. मी खुर्चीसकट पुढे ओढली गेले, फरशीवर पडले, आणि मनगट अंगाखाली आलं. हाड मोडल्याचा तो आवाज झाला. पडद्यातला नव्हे.

दुखणं नंतर आलं. आधी मला ललितचं तोंड दिसलं. त्याने तो आवाज ओळखला होता. शिवमनेही ओळखला. टीव्हीजवळ उभा होता तो, आणि त्याने दोन्ही हात काखेत घालून दाबून धरले होते, जणू कोणी ते मागतंय. हिसड्याने उघडलेल्या बॅगेतला पाइप घरंगळत जाऊन त्याच्या पायाशी थांबला. दोघांनीही तो पाहिला. मनोज ओरडत होता, "बस करा बे, आजी पडली," आणि हळूहळू बाकीची पोरंही थांबली.

"आजी," ललित म्हणाला, "मी नाई, मले नव्हतं..."

"माहीत हाय. उचल मले."

प्रियदर्शनीने ओढणीने भुवई दाबली होती. दुसऱ्या हाताने तिने माझी मान सावरली. ललितने मला दोन्ही हातांवर घेतलं. त्याची वाकडी बोटं माझ्या पाठीत टोचत होती. दवाखान्यात न्यायचं तर शटरखालून जायचं होतं, आणि बांबू मारामारीत दोन तुकडे होऊन पडला होता.

शिवम पुढे आला. पायाशी असलेला पाइप ओलांडून आला. त्याने खाली वाकून शटरच्या कडेत बोटं घातली, उचललं, खांद्याच्या वर नेलं आणि दोन्ही हातांनी पेलून धरलं. बाहेरचं ऊन आत आलं. शटर जड होतं.

"जा लवकर," तो म्हणाला. "माझ्यानं जास्त वेळ धरवत नाई."

उंबऱ्यापाशी ललित थांबला. मला घेऊन, शटरच्या अगदी खाली. शिवमची बरगडी त्याच्या गुडघ्याच्या टप्प्यात होती आणि दोन्ही हात अडकलेले. मला ललितच्या छातीतले ठोके लागत होते. प्रियदर्शनी मागे उभी होती. मी डोळे मिटले नाहीत. शेवटपर्यंत पाहायचं, असं वडील सांगत.

मग ललितने मान खाली घातली, उंबरा ओलांडला, आणि आम्ही रस्त्यावर आलो. मागोमाग प्रियदर्शनी निघाली. ती पुरती बाहेर येईपर्यंत शिवमने शटर धरून ठेवलं होतं.