राखणदाराचा चेहरा

धाकटीला भावजींवर उट्टं काढायचं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं ऐकून कुणीतरी तिला बिचारी म्हणायचं, आणि बिचारी ती अजिबात नव्हती. भावजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा आणि वेधशाळेत तिचा वरिष्ठ, दोन्ही एकच माणूस. त्याला घरी भावजी म्हणायचं, कामावर सर म्हणायचं आणि मनात काय म्हणायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अकरा वर्षांपूर्वी रेडिओ दुर्बिणीच्या जुन्या नोंदी चाळताना धाकटीला काहीतरी दिसलं होतं. आकाशात दीर्घिकांचे दोन मोठे समूह आहेत, एकेकात शेकडो दीर्घिका. मधली जागा सगळे रिकामी समजत. धाकटीला तिथे अगदी पुसट असं काही सापडलं आणि तिच्या डोक्यात आलं, की या दोन समूहांना जोडणारा तापलेल्या विरळ वायूचा पूल आहे. घरचा माणूस म्हणून तिने ते सगळ्यात आधी भावजींना दाखवलं. सहा महिन्यांनी लेख छापून आला. वर एकट्या भावजींचं नाव, आणि शेवटी आभाराच्या परिच्छेदात, बारीक अक्षरांत, 'रिसीव्हरची निगा राखल्याबद्दल' धाकटीचे आभार. निगा! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं, घरातल्या घरातच राहिलं ना?" असं ताई म्हणाली, आणि ताईकडे बघून धाकटी मूग गिळून बसली.

पण पूल आहे म्हणणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. जग भावजींना 'पूलवाले' म्हणून हसायचं. पूल दाखवायचा एक खात्रीचा मार्ग होता. विश्व तान्हं होतं तेव्हा त्यात जी धग होती, तिची उरलेली ऊब आजही आकाशाच्या सगळ्या बाजूंनी आपल्याकडे येते, सगळीकडून जवळजवळ सारखी. वाटेत तापलेला वायू आडवा आला, की वेधशाळेची दुर्बीण ऐकते त्या लहरींवर त्या उबेत एक बारीकसा खड्डा पडतो. एका अंश तापमानाच्या जेमतेम लाखाव्या भागाएवढा. दोन समूहांच्या मध्ये तो खड्डा सापडला तर पूल खरा. भावजींनी त्यासाठी आठ महिन्यांची मोहीम आखली.

इतकं बारीक शोधायला बसलं की माणसाला जे हवं तेच दिसायला लागतं. म्हणून वेधशाळेची एक पद्धत होती. प्रत्येक मोहिमेला एक राखणदार नेमायचा. त्याने एकट्याने बसून नाणं उडवायचं. छापा पडला तर नोंदींमध्ये गुपचूप एक खोटी खूण मिसळायची, काटा पडला तर काहीच मिसळायचं नाही. काय केलं ते कागदावर लिहून लिफाफा सील करायचा. बाकीच्यांनी नोंदी तपासायच्या, लेख पूर्ण करायचा, त्यावर सह्या करायच्या आणि मगच सगळ्यांसमोर लिफाफा फोडायचा. त्यानंतर लेखातला स्वल्पविरामही बदलायचा नाही. जसा आहे तसा तो बाहेर जाणार. राखणदाराने तोवर दर बैठकीला हजर राहायचं, पण बोलायचं नाही, सुचवायचं नाही, चेहऱ्यावरची रेषासुद्धा हलू द्यायची नाही, अशी शपथ घ्यायची. ज्याने ही शपथ मोडली त्याला वेधशाळेचं दार कायमचं बंद.

ही नुसती हौस नव्हती. आधीच्या एका मोहिमेत सगळे खोट्या खुणेला भुलले, खरी म्हणून लिहून बसले आणि लिफाफा फुटल्यावर जगभर हसं झालं. तेव्हाचे प्रमुख त्या महिन्यातच पायउतार झाले, आणि त्यांच्या खुर्चीत भावजी बसले. त्यामुळे खुर्ची कशाने जाते हे भावजींना चांगलं ठाऊक होतं.

आता गंमत बघा. राखणदाराचं नाव लेखावर येत नाही, हाही नियमच. आणि या मोहिमेला भावजींनी राखणदार नेमलं धाकटीला. "तुझ्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे," असं म्हणाले, वर पाठीवर हातही ठेवला. केसाने गळा कापणं याहून वेगळं काय असतं? पूल तिचा, आणि लेखावर तिचं नाव दुसऱ्यांदा येणार नव्हतं, या खेपेला अगदी नियमाला धरून.

तिने नाणं उडवलं. काटा पडला. खोटी खूण मिसळायची असती तर ती कशी मिसळली असती याची तिने मनातल्या मनात फार मजा घेतली, पण कागदावर लिहिलं, 'काहीही मिसळलेलं नाही.' सील केलं, लिफाफा कपाटात ठेवला, किल्ली गळ्यातल्या दोरीत अडकवली. कामात तिने कधी लबाडी केली नव्हती आणि भावजींसाठी ती सुरू करणार नव्हती.

सहाव्या महिन्यात खड्डा दिसायला लागला. सातव्या महिन्यात शंका उरली नाही. दोन समूहांच्या बरोबर मध्ये, तिने अकरा वर्षांपूर्वी बोट ठेवलं होतं तिथेच. बैठकीच्या खोलीत नकाशा पडद्यावर लागला तेव्हा तपासणी करणारा गणिती खुर्चीवरून उठून उभा राहिला. सगळे एकमेकांना टाळ्या देत होते. तो पूल खरा आहे हे त्या खोलीत एकट्या धाकटीला माहीत होतं, आणि तिला भिंतीसारखा चेहरा करून बसायचं होतं. घरी गेल्यावर ती उशीत तोंड खुपसून रडली. आनंदाने की संतापाने, तिलाही सांगता आलं नसतं.

मग आठव्या महिन्यातला तो रविवार आला. दर रविवारी दुपारचं जेवण ताईकडे असायचं. ताई वाढत होती. भावजी खुशीत होते. कामाविषयी बोलायचं नाही हा नियम, पण खुशी पोटात मावत नव्हती.

"लेख पंधरा दिवसांत होईल," ते म्हणाले. "आणि धाकटे, या वेळी आभारात सगळ्यात पहिलं नाव तुझं. मी ठरवूनच टाकलंय."

आभारात! पहिलं! धाकटीला एकदम हसू आलं. राग इतका झाला की दुसरं काही येण्याजोगं उरलंच नाही, म्हणून हसू आलं.

"बघा, बघा," ताई वाढता वाढता म्हणाली, "किती दिवसांनी हसली माझी बहीण!"

भावजींचा हात ताटावरच थांबला. त्यांनी धाकटीकडे पाहिलं. आठ महिने जो चेहरा हलला नव्हता तो आज का हसतोय, हा विचार त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होता. आणि मग त्यांना उत्तरही सापडलं, हेही तिने पाहिलं. जो माणूस दुसऱ्याच्या तोंडाला पानं पुसतो त्याला बरोबर माहीत असतं की समोरचा आपल्याला कुठे गाठेल. हिने खोटा पूल घातलाय, मला हवा तसा, मला हवा तिथे.

त्या क्षणी तिला तोंड मिटता आलं असतं. घास घशात अडकला म्हणता आलं असतं, टेबलाखाली चमचा शोधायला वाकता आलं असतं. तिने हसू तसंच ठेवलं. पहिलं हसू आपोआप आलं होतं. पुढचं तिने हिशेबाने, भावजींच्या डोळ्यांत डोळे घालून, त्यांचं पाणी पिऊन होईपर्यंत टिकवलं.

सोमवारी भावजींनी बैठक घेतली. "हा खड्डा आकाशातला नाही," ते म्हणाले. "पश्चिमेच्या डोंगराची उष्णता अँटेनाच्या कडेवरून आत झिरपतेय. ती वजा करा."

गणिती चक्रावला. "सर, डोंगराची उष्णता ऋतूप्रमाणे कमीजास्त होते. आठही महिन्यांच्या नोंदींत हा खड्डा जागचा हललेला नाही. डोंगर असता तर..."

"मी अँटेना बघायला लागलो तेव्हा तू शाळेत होतास."

"पण वजा करायला काही आधार तरी..."

"वजा करा म्हटलं ना!"

गणितीने धाकटीकडे पाहिलं. ती खिडकीशी वही मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या जिभेच्या टोकावर अकरा वर्षं होती आणि एक शब्द बोलायचा नव्हता. शपथ आडवी होती असं ती पुढे म्हणू शकली असती, पण खरं सांगायचं तर शपथ तिने रविवारीच जेवणाच्या ताटावर मोडली होती. तिला बोलायचंच नव्हतं. आपण शोधलेला पूल तिच्या डोळ्यांदेखत पुसला जात होता, आणि तरी तिला तो पुसला जायला हवा होता. या माणसाच्या हाताने.

लेख झाला. 'दोन समूहांच्या मध्ये वायूचा पूल आढळला नाही.' गणितीने सगळ्यात शेवटी सही केली, तीही दोनदा पेन ठेवून. भावजी निवांत होते. खोट्या खुणेला न फसलेला प्रमुख म्हणून नाव होईल आणि खरा पूल पुढच्या मोहिमेत सापडेल, असा त्यांचा साधा हिशोब.

लिफाफा फोडायला सगळे जमले. भावजींनीच सील तोडलं, कागद उलगडला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या शब्दावर आवाज गेला. गणितीने कागद त्यांच्या हातातून घेतला आणि वाचून दाखवला.

"काहीही मिसळलेलं नाही."

मग गणिती हळूच म्हणाला, "म्हणजे पूल होता. आपण पुसला."

भावजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते फक्त धाकटीकडे बघत होते, आणि खोलीत आणखी नऊ माणसं आहेत याचं त्यांना भान राहिलं नव्हतं.

"मग तू त्या दिवशी हसलीस कशाला?" ते ओरडले.

एवढंच वाक्य, पण नऊच्या नऊ माणसांनी ऐकलं. गणितीने मान वर केली. "सर, तुम्ही तर डोंगर म्हणाला होतात."

डोंगर नव्हताच. राखणदाराचं तोंड बघून भावजींनी आकाशातली खूण खोडली होती, आणि हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. प्रमुखाने याहून मोठी चूक करायची म्हटली तर जागाच उरली नव्हती.

गणिती आता धाकटीकडे वळला. त्याला ती आवडायची. "मॅडम, सांभाळून उत्तर द्या. तुम्ही हसला होतात?"

नाही म्हटलं असतं तर खपलं असतं. भावजींचा शब्द आता कुणी धरणार नव्हतं. आणि हो म्हटलं तर दुर्बीण गेली, एकवीस वर्षांची नोकरी गेली, ताईकडचा रविवार गेला. पण नाही म्हटलं, तर भावजींना स्वतःची समजूत घालता आली असती, की आपल्याला भास झाला. ते तिला नको होतं. आपलं हे असं कुणी केलं आणि कशासाठी केलं, ते त्यांना रोज उठल्यावर आठवायला हवं होतं.

तिने गळ्यातली दोरी काढून किल्ली टेबलावर ठेवली.

"हो," ती म्हणाली. "हसले होते. आणि मुद्दाम हसले होते."

पूल अजून तिथेच होता. वर्षा-दोन वर्षांत दुसऱ्या कुठल्या तरी वेधशाळेला तो सापडणार होता आणि त्याला कुणा तिसऱ्याचं नाव लागणार होतं. धाकटीचं लागणार नव्हतं. पण भावजींचंही लागणार नव्हतं, आणि जिना उतरताना तिला तेवढं पुरेसं वाटत होतं.