मिस्त्रीचं दार

मिस्त्रीने रंधा बाजूला ठेवला आणि मान न वळवता डावा हात मागे केला. हातात पेन्सिल आली. फळीवर खूण करून त्याने हात पुन्हा मागे केला, तेव्हा काटकोन तपासायचा गुण्या हातात आला. मागितलं काहीच नव्हतं. मागे त्याची थोरली मुलगी होती, घरात सगळे तिला मोठी म्हणत; सहा-सात वर्षांची असल्यापासून बापाच्या हाताखाली राबलेली. आता सोळा पूर्ण. भूकंपाला चार महिने झाले होते आणि या चार महिन्यांत तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

"ही तुमच्याबरोबर काम करते?" संस्थेच्या कागदवाल्या बाईने विचारलं.

"करते की."

"मला कधी बोलला नाहीत, काका."

"तुम्ही विचारलंत कुठे? रडते किती, झोपते किती, एवढंच तर विचारत होतात."

कागदवाली हे नाव वस्तीने ठेवलेलं. पत्र्याच्या खोल्यांच्या त्या वस्तीत तिच्याआधी पाच संस्था येऊन गेल्या होत्या. प्रत्येकीने पोरांना रंगीत खडू दिले, चित्रं काढून घेतली आणि चित्रं घेऊन चालत्या झाल्या. पोरं इतकी तयार झाली की गाडी दिसली रे दिसली की पडकं घर काढायला बसायची. पडक्या घराला बिस्किटांचा मोठा पुडा मिळायचा. ही बाई मात्र टिकली होती. तिच्याजवळ सात तोंडांचा तक्ता होता. हसरं, रडकं, भेदरलेलं, यातलं तुझं कुठलं ते दाखव म्हणायचं. सहा वेळा तिने मोठीला समोर बसवलं. सहाही वेळा मोठी तक्त्याकडे न बघता खोलीच्या पडद्याकडे बघत राहिली.

वरच्या साहेबांनी गाडीतून न उतरताच निदान केलं. बाई पोरांना समोर बसवते त्या खोलीला दार नाही, म्हणून मुलगी बोलत नाही. म्हणजे मन मोकळं करायचं, तर आधी दार लावून घ्यायचं. शुक्रवारपर्यंत दार बसवा, तरीही नाही बोलली तर शनिवारी तिला शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात हलवा. कागदावर सह्यासुद्धा झाल्या होत्या.

आज शुक्रवार होता. आणि ते इस्पितळ मिस्त्रीने पाहिलेलं होतं. तिथल्या खिडक्यांना जाळ्या त्यानेच ठोकल्या होत्या.

वस्तीचा मुकादम दोन माणसांना घेऊन आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काय मिस्त्री, हे तरी उघडेल ना? नाहीतर बाई बसायच्या आत, आणि आम्ही बाहेर कुदळ शोधत फिरायचं."

दोघं खी-खी हसले. मिस्त्री रंधा ओढत राहिला. हसणारच. गोष्ट त्यानेच वस्तीभर सांगितली होती. लाकूड ओलं होतं, दार चौकटीत फुगून बसलं, भूकंपात माझा धाकटा मुलगा आत राहिला, चूक माझी. तेव्हापासून दाराचं काम त्याला कोणी देत नव्हतं. हे मिळालं तेही दुसरा सुतार जागेवर नव्हता म्हणून. बायको म्हणाली होती, "तुमच्या दाराने माझं लेकरू खाल्लं." त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. त्याच दहा बाय दहाच्या खोलीत त्याच्याकडे पाठ करून बसायची.

खरं काय ते त्याला माहीत होतं. ढिगारा उपसताना दार आधी त्याच्याच हाती लागलं. ते फुगलं नव्हतं. बाहेरून कडी घातलेली होती. त्या सकाळी धाकट्याने मोठीच्या वहीत रेघोट्या ओढल्या म्हणून दोघांचं भांडण झालेलं त्याने ऐकलं होतं. जमीन हलली तेव्हा मोठी नळावर पाणी भरत होती, हेही ठाऊक होतं. घटकाभर कोंडला असेल पोरीने. कोणत्या बहिणीने कोंडलं नाही? कोणी यायच्या आत त्याने कडी उखडली आणि हत्यारांच्या पिशवीत तळाशी ढकलली.

मोठी बोलावी म्हणून तो जिवाचं रान करत होता. आणि ती काय बोलेल, याचीच त्याला भीती होती.

दार चढवायची वेळ आली. कागदवालीने हातातला तक्ता पिशवीत घातला आणि बाह्या सारल्या.

"कुठे धरू?"

"खालून. बोटं सांभाळा."

तिघांनी दार उचललं. मोठीने पाचर सरकवली, मिस्त्रीने बिजागऱ्यांचे स्क्रू पिळले. मग त्याने एका बोटाने दार लोटलं. ते आवाज न करता फिरलं.

"आता कडी," म्हणून त्याने हात मागे केला.

हात रिकामाच राहिला.

त्याने वळून पाहिलं. नवी कडी कागदात गुंडाळलेली, फळीवर तशीच पडून होती. मोठीने पिशवी पालथी केली होती. खिळ्यांच्या ढिगाऱ्यासमोर ती उकिडवी बसली होती, आणि तिच्या तळहातावर जुनी कडी होती, वाकलेली. लोखंड सुतार फेकत नाही, असं मिस्त्री चार महिने स्वतःला सांगत आला होता.

मुकादम पुढे झाला. "बघू तरी, अडकतं का."

"नाही अडकत."

आवाज घोगरा होता, गंजलेल्या बिजागरीसारखा. मुकादमाचा हात हवेतच राहिला.

"माझ्या बाबांचं दार कधीच अडकत नाही," मोठी म्हणाली. "तेव्हाही अडकलं नव्हतं."

कोणी हसलं नाही. कागदवालीने पेन काढलं नाही, काही विचारलंही नाही. मुकादमाकडे बघून ती एवढंच म्हणाली, "तुम्ही जा आता." मुकादम आणि त्याची माणसं निघून गेली.

"बाई, या दाराला कडी नको," मिस्त्री म्हणाला.

"साहेब विचारतील."

"सांगा, मिस्त्री विसरला. माझ्या नावावर आणखी एक चूक."

मोठी उठली. कडी मुठीत धरून ती समोरच्या रांगेतल्या तिसऱ्या, त्यांच्या खोलीकडे बघत होती. पडद्याच्या फटीतून आईची पाठ दिसत होती.

"आईकडे तिच्याबरोबर मी जाऊ का, काका?" बाईने हळूच विचारलं.

मिस्त्रीने अंगावरचा भुगा झटकला. "नको. मी जातो."

तो मोठीच्या पुढे झाला. खोलीपाशी पोचल्यावर त्याने पडदा वर धरला, आणि ती आत गेल्यावरही सोडला नाही.