नेटवरून उतरवलेला हात

मनालीने ते सॉफ्टवेअर पुन्हा डाउनलोड केलं, पुन्हा चालवलं, आणि टेबलावरचा प्लास्टिकचा हात पुन्हा ढिम्म हलला नाही.

"वाट लागली!" ती ओरडली.

"मी सांगितलेलं," स्वयंपाकघरातून शकु म्हणाली. शकु म्हणजे मनालीची आई. काय सांगितलेलं ते तिने परत सांगितलं नाही, कारण घाटकोपरच्या त्या अख्ख्या मजल्याला ते पाठ झालेलं. मी काय मेलेय का, म्हणून माझ्या नवऱ्याला यंत्राच्या हातून भरवायचं?

नवरा, म्हणजे रतन, खिडकीपाशी टीव्ही बघत बसलेला. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा उजवा हात गेला. डावा इतका थरथरायचा की घास तोंडापर्यंत पोचायच्या आत बनियनवर सांडायचा. मग शकु त्याला भरवू लागली. चार घास झाले की रतन मान फिरवायचा. "पुरे." वजन उतरत चाललं. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरने स्पष्टच सांगितलेलं. नळीचं नाव निघालं की शकुचे डोळे भरायचे आणि रतन टीव्हीचा आवाज वाढवायचा.

मनालीचं म्हणणं असं, की बाबांना भरवून घ्यायची लाज वाटते. जन्मभर ताठ मानेने नोकरी केलेला माणूस, बायकोपुढे लहान मुलासारखा आ करून कसा बसेल? यंत्रापुढे कसली आलीय लाज! परदेशातल्या कुणी भल्या लोकांनी जेवण भरवणाऱ्या हाताचे आराखडे आणि सॉफ्टवेअर फुकट खुलं करून ठेवलेलं. तिने सुटे भाग थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतले, मोटारी मागवल्या, सगळं जोडलं. राहिलं होतं फक्त सॉफ्टवेअर.

आणि तिथेच बाई अडल्या. पवईच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधायचा पगार घेते ही! पण चिडली की सगळं शहाणपण गुंडाळून ठेवते. तिने त्या लोकांना तक्रार लिहायला घेतली. तुमचं सॉफ्टवेअर अर्धवट आहे, लोकांचा वेळ फुकट घालवता, वगैरे. नेमकं काय चालत नाही ते लिहावं म्हणून तिने मोटारींचा फोल्डर उघडला, तर आत काहीच नाही. एक फाइल नाही!

तेव्हा कुठे तिने रीडमी, म्हणजे सॉफ्टवेअरसोबत येणारी सूचनांची फाइल, वाचली. सगळ्यांनी आधी वाचावी म्हणून लिहिलेली आणि कुणीच आधी न वाचलेली. तिच्यात सरळ लिहिलेलं, की मोटारी फिरवणारा भाग दुसऱ्या लोकांनी केलाय, तो त्यांच्या रेपॉझिटरीत, म्हणजे त्यांच्या नेटवरच्या साठ्यात असतो, आमच्याकडे फक्त त्याचा पत्ता. बटण दाबून झिप उतरवलीत तर हा फोल्डर रिकामा येईल. झिप घेऊ नका, जोडलेल्या भागांसकट क्लोन करा, म्हणजे सगळ्याची जशीच्या तशी नक्कल उतरवा. मनाली दर वेळी झिपच घेत होती. ऑफिसात सगळे एकमेकांना झिपच पाठवतात, तीच खोड.

"काय गाढव आहे मी!" तिने तक्रार पुसली. मग रीडमीतली ती एका ओळीची कमांड टाकली. स्क्रीनवर भराभर ओळी सरकल्या, रिकामा फोल्डर भरला, आणि हाताने चमचा सरळ धरून उचलला. मनालीने आधी स्वतः त्याच्या हातून पोहे खाल्ले. एकदा नाही, सबंध आठवडा.

रविवारी दुपारी तिने रतनला टेबलाशी बसवलं. वरणभात गरम होता. शकु हाताची घडी घालून उभी.

"डोळ्यात चमचा गेला ना, तर बघ."

"नाही जात गं!"

हाताने भात उचलला, रतनच्या तोंडासमोर आणला आणि तो थांबला. रतनने तोंड उघडलं नाही. एवढं करून इथेही पुरेच म्हणणार हा माणूस?

"बाबा, घ्या ना."

"हा... थांबतो?" झटक्यानंतर रतनचे शब्द सावकाश यायचे.

"तुम्ही तोंड उघडेपर्यंत. कितीही वेळ."

"म्हणजे ही मोकळी?" त्याने शकुकडे मान केली.

"हो."

"मग हिचं ताट आण."

"मी जेवीन नंतर," शकु म्हणाली. "मला काय घाई आहे?"

"नंतर नाही. वर्षभर नंतरच जेवतेस. गार झालेलं. मी पुरे म्हटल्याशिवाय... ताट घेत नाहीस."

शकुला एकदम सगळं कळलं, आणि ती अशी भडकली की विचारू नका.

"म्हणजे भूक असायची तुम्हाला? भूक असायची, आणि मान फिरवायचात? त्या डॉक्टरपुढे मी रडायचे, आणि तुम्ही तोंड शिवून बसायचात? काय म्हणावं या माणसाला!"

"सांगितलं असतं... तर ऐकलं असतंस?"

शकुने पदराने नाक पुसलं. नसतंच ऐकलं तिने, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं. मनालीने ताट वाढून आणलं आणि आईला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. हात अजून चमचा धरून थांबलेला. रतनही थांबलेला. शकुने पहिला घास तोंडात घातला, तेव्हा त्याने तोंड उघडलं.

चार घास झाले, पाचवा झाला, वाटीतला भात संपला.

"अजून," रतन म्हणाला.

शकु सवयीने उठायला गेली.

"तू बस," तो म्हणाला. "मनाली वाढेल."