फटके मारणाऱ्याचा चेहरा

माझा नवरा बिंदो चित्रकार, आणि अंड्यांचं काम माझं. पांढरं काढून टाकायचं, बलक चिमटीत उचलून टोचायचा आणि आतला रस रंगात घालायचा. देवदूतांच्या गोऱ्या गालांना शहरातल्या कोंबड्यांचे फिकट बलक, रापलेल्या चेहऱ्यांना खेड्यातले, लालसर. त्या दिवशी बिंदोने खेड्यातली अंडी मागितली, तेव्हाच मी विचारायला हवं होतं.

येशूला खांबाला बांधून चाबकाने फोडणारा माणूस तो लाकडी फळीवर रंगवत होता. चेहरा माझ्या धाकट्या भावाचा, तुराचा. तेच फताडं नाक, तीच तुटकी भुवई.

"पूस ते," मी म्हणाले. "आपल्या सिएना शहरात लोक चित्रातल्या येशूला छळणाऱ्यांचे डोळे खिळ्याने उकरतात."

"फळीवरचे उकरतात, खऱ्या माणसाचे नाही. तुझ्या भावाने मला भर बाजारात अंडीफोड्या म्हटलं, त्याचं काय?"

"रंग अजून कच्चा आहे, ओल्या स्पंजाने निघेल. हो बाजूला, मीच पुसते!"

त्याने माझं मनगट असं पिरगाळलं की हातातली वाटी खाली पडून फुटली. "इतका जिवंत चेहरा मला आजवर साधला नव्हता," तो म्हणाला.

येशूच्या मरणाच्या शुक्रवारी चित्र चर्चमध्ये लागलं. स्वतःच्या अंगावर कोरडे ओढणारे भाविक रक्ताळलेल्या पाठींनी आत शिरले. रडत, शिव्या देत त्यांनी त्या चेहऱ्याचे डोळे खिळ्याने उकरले. नेमका तेव्हाच तुरा मेणबत्ती लावायला आला.

"हाच तो मेला, फटके मारणारा!" एक बाई किंचाळली.

पहिला फटका त्याच्या तोंडावर बसला. मग गाठी मारलेले कोरडे, मग लाथा, मग तोच खिळा.

"ताई! सांग ना गं यांना, मी कापड रंगवणारा!"

मी एकाचे केस उपटले, दुसऱ्याचा कान चावून फोडला. "बिंदो, बोल! तूच काढलंयस म्हणून सांग!"

बिंदो भिंतीला टेकून उभा राहिला. तुराने तिथेच फरशीवर जीव सोडला.

घराच्या दारात मी बिंदोला गाठलं. "तोंड शिवलं होतं का तुझं?"

"नुता, एका नजरेत ओळखलं गं त्यांनी," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण दुःखाने नाही. बारा वर्षं संसार केलाय, मला कळतं.

त्याचा उजवा हात चौकटीवर होता. मी ते जड दार सगळ्या ताकदीनिशी लोटलं. बोटं मोडल्याचा आवाज आला. दार उघडलं आणि पुन्हा लोटलं.