मोकळा फोटो

शिक्रापूरला पाबळच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. आतल्या भिंतीवर तेव्हा एक पुठ्ठा टांगलेला असायचा. स्केचपेननं मीच लिहिलेला: 'सहलीला जाणाऱ्यांस सूचना'. सूचना एकूण अकरा. कॅमेरा भाड्यानं न्यायला कुणी आलं की त्या अकराच्या अकरा मी त्याला मोठ्यानं वाचायला लावायचो आणि मगच कॅमेरा हातात द्यायचो. लोक माघारी मला मास्तर म्हणायचे. म्हणोत बापडे. सूर्याकडं तोंड करून फोटो काढायचे आणि परत आल्यावर "शेठ, सगळे काळेच आले की," म्हणून माझ्याशीच भांडायचं, असल्या लोकांचे कान आधीच उपटलेले बरे असतात.

गंमत अशी, की मी स्वतः कुठं गेलेलो नाही. जेजुरी, आळंदी आणि बायकोचं माहेर वरवंड, संपलं माझं जग. महाबळेश्वर आणि गोवा मी लोकांच्या रोलमध्ये पाहिलं, तेही त्यांच्या डोक्यांच्या फटीतून. पण शहाणपण सांगायला प्रवास कशाला लागतो?

सूर्य पाठीशी ठेवा. आहात तिथून पाच पावलं पुढं जा. हात हलवू नका, हललेला फोटो वाया. फोटो आलाय का ते बघायला मागचं झाकण उघडू नका. नवा रोल घातला की आधी दोनदा कोरं दाबा, म्हणजे कशावरही नेम न धरता नुसतं बटण, कारण घालताना रोलच्या तोंडाला उजेड लागलेला असतो. आणि नववी सूचना, खाली तांबडी रेघ मारलेली: मोकळ्या जागेचा फोटो काढू नका, फोटोत माणूस पाहिजे. या नवव्या सूचनेचा मला भारी अभिमान होता. लोक डोंगराचे आठ-आठ फोटो काढून आणायचे आणि महिन्यानं कुठला डोंगर तेही त्यांना सांगता यायचं नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत हनुमंत आला. पाबळकडच्या एका वस्तीवरचा, धनगराच्या घरचा. त्याच्या लहानपणीच घरची मेंढरं विकली गेली होती आणि आता शेतात बाजरी, कांदा निघत होता. तो स्वतः इथल्याच एका कंपनीत पाळीवर जायचा. तीन शब्द मनात जुळवून त्यातला एक बोलणारा माणूस. कंपनीची सहल रायगडला निघाली होती. त्यानं कॅमेरा घेतला आणि रोल मागितले दोन.

"दोन कशाला रं?"

"एक कंपनीतल्या पोरांचा. एक आईचा."

"आई येतीय व्हय संगं?"

"न्हाई. तिचा खुबा मोडलाय पावसाळ्यात. तिला एक जागा बघायचीय. वरंध घाट उतरलं की हाय. म्हंजी जागा कसली, एक दगड हाय आंब्याखाली..."

"हनुमंता, नववी वाच."

त्यानं वाचली. "पण भाऊ, तिथं..."

"पण न्हाई आन् बिण न्हाई. आपल्या वढ्यात दगड काय कमी हायेत? तू उभा ऱ्हा फुडं, ताठ. आईला पोराचं तोंड दिसंल. दगड बघून काय करायचंय तिला?"

त्यानं पुन्हा तोंड उघडलं होतं, हे मला आजही दिसतं. पण मागं पासपोर्टच्या फोटोसाठी एक जण भांग पाडत ताटकळला होता, आणि मी आधीच दहावी सूचना सांगायला लागलो होतो. हनुमंतानं तोंड मिटलं, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि तो गेला.

रंगीत रोल तेव्हा पुण्याच्या लॅबमध्ये धुवायला जायचे. लॅबवाल्यांना मी कायमचं सांगून ठेवलं होतं: जळकी, मोकळी फ्रेम छापायची नाही, चांगली तेवढीच छापा. हनुमंताचे फोटो आले आणि मी खूशच झालो. कुणाचं डोकं कापलेलं नाही, सूर्य पाठीशी. एका आंब्याच्या बुंध्यापुढं चौदा गडी ओळीनं उभे, मधोमध बिहारचा एक वेल्डर काळा गॉगल लावून. मग हनुमंत एकटा, झेंडावंदनाला उभा राहावा तसा. असे त्याचे एकट्याचे सहा. एकच गोष्ट मला विचित्र वाटली, सगळ्या फोटोंत सगळे अनवाणी होते. पण पोरानं धडा पाठ केला, असं म्हणून मी पाकीट बंद केलं.

फोटो न्यायला तो आईला घेऊनच आला. दवाखान्यातून परतताना जीप थांबवून, तिला काखेत धरून आणली होती. तानुबाई पासपोर्टच्या स्टुलावर टेकली. साठीची बाई, हाडापेरानं मोठी, पण वेदनेनं वाकलेली. चौदा जणांचे फोटो तिनं न बघताच बाजूला ठेवले. हनुमंताचा एकट्याचा फोटो डोळ्यांजवळ नेला, दूर नेला, पुन्हा जवळ आणला.

"ह्याला जरा बाजूला सरकवा," ती मला म्हणाली.

"कुणाला?"

"हनुमंताला. दगड ह्याच्या मागं हाय."

मी हसलो. देव मला क्षमा करो, पण हसलो. "मावशी, फोटोतला माणूस सरकत न्हाई."

"का? मुक्ताबाईच्या शेजारी तुम्ही पोपटराव बसवला न्हवं का, तो मेल्यावर? मेलेला माणूस आणता येतो, मग जित्ता हलवायला काय झालं?"

हे खरं होतं. एकाचा फोटो कातरून दुसऱ्यात चिकटवायचा, सांधा ब्रशनं बुजवायचा आणि पुन्हा फोटो काढायचा, यात माझा हात चार गावांत नावाजलेला होता.

"पोपटरावाचा दुसरा फोटो व्हता, मावशी. ह्याच्या मागं जे हाय ते फिल्मवर आलंच न्हाई. ह्याला कापला तर मागं पांढरा कागद ऱ्हाईल."

तिनं फोटो मांडीवर ठेवला. मग पोराकडं वळून म्हणाली, "मधी भोक व्हतं का रं दगडाला?"

"कुणी शेंदूर थापलाय, आई, जाड. देव म्हणून आम्ही चपला काढल्या. वर फूल व्हतं एक. भोक काय दिसलं न्हाई."

मग तिनं मला सांगितलं. मी विचारलं नव्हतं, विचारायची हिंमतही नव्हती. बत्तीस वर्षांमागं मेंढरं घेऊन कोकणात उतरताना तिची पहिली पोर तापानं फणफणली. जाई तिचं नाव, दीड वर्षाची. दोन दिवसांत गेली. नवऱ्यानं, ज्ञानूनं, आंब्याखाली खड्डा खणला. त्याच घाटात घोड्यावरनं जातं पडून खालची तळी फुटली होती. वरची नुसती काय कामाची? ती वरची तळी तानुबाईनं पोरीवर ठेवली, पुढं जागा ओळखू यावी म्हणून.

"आन् सकाळी निघालो. मेंढरं थांबत न्हाईत, बाबा. त्यांना चारा दिसंल तिकडं ती चालली, त्यांच्या मागं आम्ही. फुडं सहा वर्सं जाता-येता बसायचे मी तिच्यापाशी. बाहत्तरच्या दुष्काळात मेंढरं इकली आन् तिकडची वाटच मोडली. हे म्हणायचे, फुडल्या साली जाऊ. दर दिवाळीला म्हणायचे. चार वर्सं झाली, हेच गेले. आता माझा खुबा गेला. म्हणलं, डोळं हायेत तवर एकदा बघावं, तीच हाय का दुसऱ्याच कुणाचा देव हाय. एवढंच कळाया पायजे व्हतं."

"भाऊंनी सांगितलं व्हतं, फोटोत माणूस पायजे," हनुमंत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, भांडायला तरी मिळालं असतं.

जीप गेली आणि मी भर दुपारी शटर ओढलं. मला सगळ्यांचा राग आला होता, त्या ऐकणाऱ्या पोराचा, पुठ्ठ्याचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या जिभेचा. आयुष्यात जागचा न हललेला मी, आणि ज्या बाईनं कोकण पायांनी मोजलं तिला काय बघायचं ते शिकवत होतो. पाकिटातून निगेटिव्हच्या पट्ट्या काढल्या आणि ट्यूबलाइटपुढं धरून बघायला लागलो, कुणाच्या दोन पायांमधून दगडाची कड तरी डोकावते का. नाही डोकावली. सगळीकडं पँटीच पँटी.

पट्टी ठेवून देताना तिच्या टोकाकडं लक्ष गेलं. एक नंबरच्या आधी आणखी दोन फ्रेम होत्या. पहिली अर्ध्याहून जास्त जळलेली. दुसरीची नुसती कड जळलेली, बाकी साफ. दोन्हींत माणूस नव्हता. हनुमंतानं आईचा रोल तिथंच, आंब्यासमोर उभं राहून घातला होता आणि पोरांना ओळीत बोलवायच्या आधी, कॅमेरा छातीवर लोंबत असताना, माझ्या सूचनेप्रमाणं दोनदा कोरं दाबलं होतं. नियमाप्रमाणं लॅबनं त्या फ्रेम छापल्या नव्हत्या. नियम माझाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी स्वतः पुण्याला गेलो, लॅबवाल्याच्या बोकांडी बसून तो फोटो मोठा करून घेतला आणि दिवस कलायच्या आत गाडीवरून हनुमंताच्या वस्तीवर पोचलो. जाताना कॅमेरा गळ्यात होता. तो का घेतला ते मला सांगता येणार नाही, सवय म्हणायची.

तानुबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी फोटो तिच्या मांडीवर ठेवला. फोटो तिरका आला होता. डावी कड नारंगी जळलेली, बुंधा कललेला, खाली वाळका पाला आणि उजव्या अंगाला शेंदरी दगड. डावीकडं नुसती माती. माझ्या हिशेबी अगदी टाकाऊ फोटो.

तिनं फोटो उजेडाकडं तिरका धरला. मग लसणाचा वास असलेलं बोट तिनं दगडावरच्या फुलावर टेकवलं.

"जास्वंद हाय."

"व्हय, मावशी."

"उभी हाय बघा. गोट्यावर फूल उभं ऱ्हातंय व्हय? आडवं पडंल. ते तोंडात खवलंय, जात्याच्या तोंडात. जिथनं मी दाणं टाकायचे तिथं." तिनं गोठ्याकडं हाक मारली. "माझंच जातं हाय, हनुमंता. तीच हाय."

हनुमंत बैलांना पेंढी टाकत होता, तो तसाच पेंढी हातात धरून उभा राहिला. तानुबाई रडली, मोठ्यानं, लाज न धरता. मीही डोळे पुसले, उगाच का खोटं सांगू? मग पदरानं तोंड पुसून ती फोटोला म्हणाली, "कोण बाई फूल घालतीया गं तुला? मी आपली इतकी वर्सं म्हणतीय, लेकराला एकटं टाकून आले."

थोड्या वेळानं तिचं बोट फोटोतल्या डावीकडच्या मातीवर सरकलं.

"हितं कुणी न्हाई."

"न्हाई, मोकळी जागा हाय ती."

"मोकळ्या जागंत माणूस पायजे म्हणता न्हवं तुम्ही?" तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. "मग मला बसवा की हितं."

पोपटरावाला बसवताना मला काही वाटलं नव्हतं. आता कॅमेऱ्याची काच मी सदऱ्यानं दोनदा पुसली. मी ओटा सोडून अंगणातली जागा बघितली. फोटोत ऊन पाठीमागून, थोडं डाव्या अंगानं पडलं होतं. तसंच ऊन गोठ्याच्या भिंतीशी मिळत होतं. खाली बसायला डॉक्टरांची मनाई होती. हनुमंत "आई, नको" म्हणत राहिला, पण ती ऐकणार नव्हती. शेवटी त्यानंच तिला दोन्ही हातांनी उचलून अलगद मातीवर ठेवलं.

"माझ्याकडं बघू नका, मावशी. तिच्याकडं बघा."

"ती कुठल्या अंगाला?"

"डाव्या हाताला. तुमच्या गुडघ्याएवढी उंची धरा."

तिनं डावा हात पुढं करून तेवढ्या उंचीवर, हवेत, अलगद टेकवला. मी पाच पावलं पुढं गेलो. कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीनं म्हणालो, "आता हलू नका."

ती हलली नाही. मान, खांदा, डोळे, सगळं जागच्या जागी होतं. पण हात तिचं ऐकेना. तो आपला आपण वर-खाली व्हायला लागला, अगदी हळू, निजायला आलेल्या लेकराला थोपटतात तसा. मी बटण दाबलं.

तो फोटो आज हनुमंताच्या घरी समोरच्या भिंतीवर आहे. आंबा, दगड, जास्वंद आणि शेजारी बसलेली तानुबाई. सांधा कुठं आहे ते माझं मलाही आता सापडत नाही. तिचा हात तेवढा हललेला, पुसट आहे. माझ्या सूचनेप्रमाणं तो फोटो वाया गेलेला. मी दुसरा काढला नाही.