तळाच्या दगडावरचा शब्द

मढला पावसाळ्यात छत्री टिकत न्हाई आन् उन्हाळ्यात घोटभर पाणी मिळत न्हाई. अख्खं गाव आभाळाकडं बघायचं. सावळाराम पेंटर तेवढा विहिरीत बघायचा, कधी आटतीय म्हणून.

त्याचं पोरगं, भरत, ह्याच विहिरीत पव्हायला शिकताना गेलं. तरंगायला पाठीला बांधलेला डबा सुटला. सावळाराम तवा जुन्नरच्या बाजारात पाटी रंगवत व्हता. काठावर त्याची बायको ठमाबाई एकलीच "वर ये, वर ये" करत राह्यली. उत्तर काय आलं न्हाई.

तवापासून पाणी खाली गेलं की हा दोर धरून उतरायचा. जेवढा दगड उघडा पडंल तेवढ्यावर लाल ऑइलपेंटनं लिव्हायचा: वर ये. वरच्या थराला हातभर अक्षर, खाली खाली बारीक. काठावरनं वाकलं की हाकच बुडत चालल्यागत दिसायची. मात्रा मनासारखी बसली न्हाई की घासून पुन्हा. एखाद्या उन्हाळ्यात एकच ओळ व्हायची. तळाच्या दगडावर मात्र त्याला पोराचा शब्द पायजे व्हता: आलो. पण तळ काय उघडा पडंना.

"पेंटर, पाऊस पडू नये म्हणून कोंबडं कबूल केलंय म्हणं?" हौशीराम पारावरनं टोचायचा.

"दोन. एक तुझ्या नावाचं."

दोन हजार तीनला विहीर खडखडीत झाली. बाया हंडे घेऊन रडकुंडीला, हा ब्रश घेऊन खाली. शब्द पुरा व्हतोय तोच टँकर आला. इकडं टँकर विहिरीतच रिकामा करत्यात, मग ज्यानं त्यानं शेंदायचं.

ड्रायव्हरनं पाइप काठावर टाकला. "पावणं, बाहेर निघा. सोडतोय."

"रंग वला हाय. उद्या सोडा," खालनं आवाज आला.

"उद्या दुसऱ्या गावाची पाळी."

"भाऊ, नातू सकाळपसनं कोरडा हाय रं," शेजारची कोंडाबाई विहिरीत बघत म्हणली.

खाली हा रंगावर फुंकर घालत राह्यला. बाया ठमाबाईकडं बघाया लागल्या. इतकी वर्सं ती पाणी शेंदायची ते मान वळवून. आज काठावर वाकली. लाल अक्षरं पार खालपतुर गेल्याली.

"आवं," ती म्हणली, "वर या."

मग दोर हलला.

"आलो."

टँकर रिकामा झाला. पहिला हंडा ठमाबाईनंच शेंदला. पाण्यावर लाल तवंग व्हता. तिनं पदर लावून गाळलं आन् कोंडाबाईच्या कळशीत ओतलं.