पिठातलं पाऊल

बाप गेल्याच्या दहाव्या दिवशी सकाळी गजानन मास्तर भावकीच्या गराड्यात, एका पालथ्या टोपलीसमोर उकिडवे बसले होते आणि मनातल्या मनात चरफडत होते. परतूरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, हैदराबादेहून बी.एस्सी. होऊन आलेल्या माणसाच्या नशिबी हे यावं.

टोपलीखाली गव्हाच्या पिठाचा थर होता. त्यांचे वडील पुंजाराम ज्या जागी गेले, तिथंच तो आदल्या संध्याकाळी पसरून शेजारी दिवा लावला होता. गेलेला जीव पुढं ज्या जन्माला जातो त्याचं पाऊल पिठात उमटतं, अशी घनसावंगीकडच्या त्या गावाची खात्री.

मास्तरांनी हे होऊच दिलं नसतं. पण झुंबरबाई, त्यांची आई, नऊ दिवस चतकोर भाकरीवर होती. नवरा गेला कुठं, एवढंच तिला कळायला हवं होतं. आणि तिच्या जिवाला हा घोर लावला होता मास्तरांनीच. दिवाळीत घरी आले तेव्हा माणूस कसा घडला, ते त्यांनी आईदेखत बापाला हौसेनं सांगितलं होतं. माकडासारखा पूर्वज, लाखो वर्षं, वगैरे. म्हाताऱ्यानं मन लावून ऐकलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "मंग मेल्यावर मी कुठं जाईन रं?" मास्तर तोऱ्यात होते. म्हणाले, "कुठंच न्हाई, दादा. आत्मा-बित्मा काई नसतो." म्हातारा गप्प झाला, तो गप्पच गेला.

कडूबाकाकांनी टोपली उचलली. भावकीत तेच वडीलधारे. पिठात बारीक ठसे होते. काका डोळे किलकिले करून वाकले.

"पाच बोटं हायेत. पण माणसाचं न्हाई. वानराचं हाय हे."

घरात कुजबुज सुरू झाली. काकांनी मास्तरांकडं असं पाहिलं, जणू त्यांनीच बापाला झाडावर चढवलं होतं. "तू पोरायला तेच शिकवून राह्यला ना, माणूस माकडापासून झाला? आता घे. तुझा बाप माघारी गेला."

मास्तरांच्या मस्तकात तिडीक गेली. "काका, माकडाचा माणूस होत न्हाई, अन् माणसाचं माकड बी होत न्हाई. दोघायचा पूर्वज एक होता, इतकंच. चुलत भाऊ म्हना."

"मंग भावकीतच गेला की," काका म्हणाले, आणि तीन-चार माना डोलल्या.

शाळेत, बाजारात, रेल्वेच्या डब्यात, तीन वर्षं हेच सांगून मास्तरांचा घसा कोरडा पडला होता. प्रत्येक जण शेवटी माकडावरच येऊन थांबायचा. त्यांनी पिठावर बोट रोखलं. "हे उंदराचे पाय हायेत. ही मधी शेपटीची रेघ बघा. टोपली या अंगानं उचललेली होती, तिथून शिरला अन् पीठ खाऊन गेला."

हे बोलायला नको होतं. झुंबरबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "जल्मभर दाणा दाणा राखला त्यायनं, अन् उंदराच्या जल्माला गेले?"

"माय, दादा न्हाई. उंदीर आल्ता."

"तेच म्हनून राह्यले मी. तेच आल्ते."

मास्तरांनी हात टेकले. म्हणावं ते उलटं होऊन अंगावर येत होतं. तेवढ्यात आईनं त्यांचा हात धरला. तिचं मनगट काडीसारखं लागलं.

"गजा, तू शिकलेला हायेस. जनावरायचे पाय तुला कळतेत. ह्या लोकायचं मी ऐकत न्हाई. तू बराबर बघून सांग."

मास्तर वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. एका कोपऱ्यात पीठ जरा विस्कटलं होतं. तिथं काहीसुद्धा नव्हतं.

"उंदीर आल्ता, खरंय," ते म्हणाले. "पन इकडं बघ. हे लहान लेकराचं पाऊल हाय. ही टाच, अन् ही बोटं." बोलताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

काकांनी तोंड उघडलं, मास्तरांचे डोळे पाहिले आणि मिटलं.

पिंडदान उरकून आल्यावर दुपारी झुंबरबाई पहिल्यांदा अख्खी भाकरी जेवली. मास्तर तिला वरण वाढत होते. खोटं तर खोटं, माय जेवली, म्हणून त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं. शेवटचा घास हातात घेऊन ती थांबली.

"गजा, तुला हे समदं ठावं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मंग दिवाळीत त्यायला 'कुठंच न्हाई' का म्हन्ला?"

घास हातात धरून ती उत्तराची वाट बघत होती.